खोगीर गल्लीतली मोटार

ओक्तावने सायकलचं पुढचं चाक दोन बोटांनी दाबून पाहिलं, पुन्हा पंप लावला आणि नाक्यावर येऊन थांबलेल्या मोटारीकडे ढुंकूनही न बघता म्हणाला, "ही तू ने, सिलव्हँ."

"काका, तुमच्या वाटच्या किती गाड्या नेऊ मी?" सिलव्हँ न्हाव्याने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. "सकाळपासून पाय चालवतोय. उद्या कुणाच्या गालावर वस्तरा सटकला तर तुमचं नाव सांगेन."

"माझ्या चाकात हवा कमी आहे."

"इतकी हवा भरलीत की आता सायकल उडेल."

पण सिलव्हँ गेला. मोंतेरलमध्ये ओक्तावच्या पोराची गोष्ट ठाऊक नाही असा माणूस नव्हता, आणि न्हाव्याला तर ती दोन्ही बाजूंनी ठाऊक होती. त्याने पाय टाकला, घंटी वाजवली, आणि ती लाल मोटार खोकत, थरथरत त्याच्या मागोमाग निघाली. ताशी साठ-साठ मैलांनी पॅरिसहून आलेलं धूड न्हाव्याच्या सायकलमागे निमूट चालताना बघून नाक्यावरची माणसं दर वेळी नव्याने हसत होती.

नियमच तसा होता. शर्यत पॅरिसहून बोर्दोपर्यंत, पण वाटेतल्या गावांतून धावायचं नाही. वेशीवरच्या नाक्यावर थांबायचं, तिथल्या साहेबाने घड्याळ बघून वेळ टिपायची, आणि पुढे गावचा एक सायकलवाला लावून द्यायचा. सायकल जाईल तिकडे मोटारीने जायचं, सायकलच्या पुढे नाक काढायचं नाही. मोंतेरल ओलांडायला बारा मिनिटं दिलेली होती. ती शर्यतीत धरायची नाहीत. लवकर पोचलात तर पलीकडच्या नाक्यावर, पुलाजवळ, उरलेली मिनिटं संपेपर्यंत बसून राहा. उशीर झाला तर मात्र तुमचं नशीब.

ओक्ताव सत्तेचाळीस नंबरची वाट बघत होता. निळी गाडी, सत्तेचाळीस नंबर, असं बाझीलने आईला कळवलं होतं. गाडी चालवणारा पॅरिसचा कुणी पैसेवाला गृहस्थ होता, आणि त्याच्या शेजारी, पायाशी जवळजवळ उकिडवा बसून तेल सोडायला, मागून कोण येतंय ते बघायला आणि वाटेत काही मोडलं तर रस्त्यावर आडवं पडून जोडायला, मेकॅनिक म्हणून बाझील.

त्याने हे आईला कळवलं होतं. बापाला नाही.

ओक्ताव खोगीरवाला. त्याचा बाप खोगीरवाला, आजाही. खोगीर गल्लीत एके काळी सहा दुकानं होती, आता त्याचं एकच उरलं होतं, आणि तेही सायकलच्या बैठका शिवून तगलं होतं. सायकल त्याला चालायची. सायकलवर माणूस बसतो, माणसाला बसायला कातडं लागतं, इथपर्यंत त्याचं डोकं जात असे. मोटारीचं नाव काढलं की मात्र त्याची मान ताठ व्हायची. चार वर्षांपूर्वी बाझीलने मोटारींच्या कारखान्यात जायचं म्हटलं तेव्हा त्याने सुई खाली न ठेवताच सांगितलं होतं, "जा. पण ती धूर ओकणारी पेटी माझ्या दारात आणायची नाही." रागाच्या भरात माणूस बोलतो त्यातलंच ते. पण पोरगा त्याचाच, तोही शब्द धरून बसला. मोटार दारात आणली नाही, आणि स्वतःही कधी आला नाही.

त्यानंतरची चार वर्षं ओक्ताव रोज संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बसायचा. हवा खायला, असं तो म्हणायचा. गल्लीत हवा कसली, ओनोरीनला सगळं कळायचं, पण ती बोलायची नाही.

हिवाळ्यात ओनोरीन धुण्याच्या घाटावर घसरली आणि कंबरेचं हाड मोडून बसली. तेव्हापासून ती दुकानावरच्या माडीत, खिडकीशी लावलेल्या पलंगावर होती. शर्यत गावातून जाणार, आणि ती मोठ्या रस्त्याने, चर्चवरून जाणार, हे कळल्यावर शेजाऱ्यांनी तिला खुर्चीत घालून न्यायची तयारी दाखवली. डॉक्टर नको म्हणाला. ती स्वतःही नको म्हणाली. बटाट्याचं पोतं नेतात तसं मला न्यायचं नाही, म्हणाली.

आज सकाळी पलंगावरच बसून तिने पुरचुंडी बांधली होती. पाव, बकरीच्या दुधाचं चीज, दोन उकडलेली अंडी.

"हे दे त्याला. आणि नीट बघून ये. गाल बसलेत का बघ. चष्मा काढायला सांग."

"बोलायची परवानगी नाही नाक्यावर."

"तुला न बोलायला कधीपासून परवानगी लागायला लागली?" ती म्हणाली. मग पुरचुंडीची गाठ पुन्हा आवळली. "ओक्ताव, त्याला घरी ये म्हण. माझ्यासाठी नको म्हणूस. तुझ्यासाठी म्हण."

त्याने पुरचुंडी सदऱ्यात कोंबली आणि जिना उतरला. तिला त्याने एक गोष्ट सांगितली नव्हती. गेल्या रविवारी लगामाचा एक लांब पट्टा घेऊन त्याने खोगीर गल्ली आडवी मोजली होती. सगळ्यात अरुंद जागी, बेकरीच्या कोपऱ्यावरही, मोटार जाऊन दोन विती जागा उरत होती. मग सायकलवरून कारंज्यापाशी डावीकडे वळून, गल्लीतून, घाटावरून पुलापर्यंत जाऊन पाहिलं. एकदा नव्हे, तीनदा. बारा मिनिटांत आरामात बसत होतं.

दुपार व्हायला आली. स्टेशनवरून तारेच्या बातम्या येत होत्या, आणि प्रत्येक माणसाच्या तोंडातून त्या मोठ्या होत होत्या. कुठे एक गाडी झाडावर आदळली. कुठे एक खड्ड्यात उलटी झाली. नंबर कुणालाच सांगता येत नव्हता. ओक्ताव पंप मारत राहिला.

आणि मग वळणावर धुळीचा लोट उठला, झेंडा हलला, आणि निळी म्हणायची म्हणून निळी, एरवी पांढरीफटक झालेली गाडी नाक्यावर येऊन थांबली. पुढे सत्तेचाळीस.

दोघंही माणसं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसत होती. दाढीवाला मालक चाकावर ओणवा. शेजारी मेकॅनिक, कान झाकणारी कातडी टोपी, निम्मा चेहरा खाणारा चष्मा, खाली धुळीने चिकटलेल्या मिशा. त्याने ओक्तावकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, आणि मान किंचित लववली.

चार वर्षं घोकून ठेवलेलं बोलणं ओक्तावच्या ओठांवर आलं. पण नाक्यावरचा पेशोसाहेब घड्याळ हातात घेऊन बाजूलाच उभा होता.

"मागे या," एवढंच ओक्ताव म्हणाला, आणि सायकलवर चढला.

मागून इंजिनाचे ठोके येत होते. त्याने आजवर कान बंद ठेवले होते ते याच आवाजासाठी. पण आज त्याला त्यात वाईट काही सापडेना. उलट, पाठीमागे पोरगा आहे, आपल्या चालीने चालतोय, आपण वळू तिथे वळणार आहे, या नुसत्या जाणिवेने त्याला भरून आलं. बाझील लहान असताना चामड्याच्या बाजाराला जाताना असाच मागून यायचा, आणि दर दहा पावलांनी 'बाबा, हळू' म्हणायचा. ओक्तावने पाय आणखी हळू केले.

कारंजं आलं. मोठा रस्ता उजवीकडे, दुतर्फा माणसांनी भरलेला. ओक्ताव डावीकडे वळला.

"अहो," मागून दाढीवाला ओरडला. "इकडे कुठे? लोक तर तिकडे उभे आहेत."

ओक्तावने घंटी वाजवली.

"हा माणूस शुद्धीवर आहे का?" दाढीवाल्याचा आवाज चढला. त्यावर मेकॅनिक काहीतरी म्हणाला. ओक्तावला शब्द कळले नाहीत, पण आवाज समजुतीचा होता, आणि मोटार थांबली नाही. नियम नियम होता. सायकल जाईल तिकडे मोटार.

बेकरीच्या कोपऱ्यावर गाडीच्या डाव्या चाकाने भिंतीचा थोडा चुना खरवडला. कोंबड्या उडाल्या. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, सगळं गाव मोठ्या रस्त्यावर लोटलं होतं. आणि दोन भिंतींमध्ये तो आवाज इतका मोठा झाला की माडीवरच्या खिडकीची दोन्ही दारं ओक्ताव पोचायच्या आधीच उघडली.

ओनोरीन कोपरावर रेटा देऊन उठून बसली होती. केस विंचरलेले होते, गळ्याशी रविवारची लेस होती. दिसणार काहीच नव्हतं तरी ती सकाळपासून नटून बसली होती, हे ओक्तावला तेव्हा कळलं. त्याने तिच्याकडे बघून फक्त अंगठा मागे दाखवला. मग, दुकानाच्या बरोबर समोर, आपल्याच दारात, सायकल जितकी हळू चालू शकते तितकी हळू त्याने चालवली. आणखी हळू केली असती तर पडलाच असता.

गल्लीच्या टोकाला वळताना त्याने न राहवून एकदा मागे पाहिलं. मेकॅनिक गाडीत उभा राहिला होता. टोपी हातात, तोंड मागे, खिडकीकडे. आणि खिडकीत ओनोरीन हात हलवत होती. हसत होती. हिवाळ्यापासून तिला असं हसताना त्याने पाहिलं नव्हतं. मोटार कोपऱ्याआड जाईपर्यंत तो हात थांबला नाही.

पुलाजवळच्या नाक्यावर पोचले तेव्हा मिनिटं शिल्लक होती. घड्याळवाल्याने हात वर केला, थांबा म्हणाला. दाढीवाला मालक खाली उतरून पुलाच्या कठड्याला टेकला आणि डोळे मिटून उभा राहिला. एवढा शिणला होता की ओरडायचंही विसरला असावा. मेकॅनिकने खाली उडी मारली, गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकांना हात लावून पाहिला आणि ओक्तावसमोर येऊन उभा राहिला. टोपी पुन्हा डोक्यावर होती.

ओक्तावने सदऱ्यातून पुरचुंडी काढली.

"आईने दिलंय," तो म्हणाला. "आणि हे बघ, मी तेव्हा जे बोललो ना, ते..."

"काका, थांबा," मेकॅनिक म्हणाला. त्याने चष्मा कपाळावर सरकवला.

डोळ्यांभोवती धूळ नव्हती, तेवढीच गोल जागा स्वच्छ होती, आणि त्या जागेतले डोळे तपकिरी होते. बाझीलचे डोळे आईसारखे, करडे.

ओक्तावच्या हातातली सायकल कलंडली. मेकॅनिकने ती पडायच्या आत धरली.

"तो बरा आहे," तो घाईघाईने म्हणाला. "आधी ते ऐका. तो बरा आहे. माझं नाव मार्सियाल. मागच्या गावाअलीकडे आडवा कुत्रा आला, गाडी सरकली आणि बाझील बाहेर फेकला गेला. खांद्याचं हाड मोडलंय. शेतावरच्या एका घरात ठेवलाय, तिथल्या गिरणीपाशी. डॉक्टरला शिव्या घालत होता, म्हणजे धडधाकटच आहे. मी शर्यतीतल्याच दुसऱ्या गाडीवर मेकॅनिक होतो; ती तिथेच आस मोडून पडली होती, माझा मालक रेल्वेने परत गेला. बाझीलनेच मला गाडीत चढवलं. मेकॅनिकशिवाय गाडी पुढे जाऊ देत नाहीत ना."

"मला नाक्यावर का नाही सांगितलंस?"

"त्याने शपथ घातली होती. म्हणाला, मोंतेरलच्या नाक्यावर ताठ मानेचा, पांढऱ्या मिशांचा माणूस असेल. त्याला लगेच सांगू नकोस, तो सायकल तिथेच टाकून माझ्याकडे धावत सुटेल आणि मागच्या सगळ्या गाड्या खोळंबतील. पलीकडे गेल्यावर सांग."

"धावत सुटेन म्हणाला?"

"हो."

ओक्ताव नदीकडे बघत उभा राहिला. पोराने चार वर्षांत बापाला एकदाही काही कळवलं नव्हतं, आणि तरी बाप काय करील हे त्याला पक्कं ठाऊक होतं. हे ऐकून आनंद व्हावा की लाज वाटावी, ते त्याला ठरवता येईना.

"आणखी एक विचारायला सांगितलंय," मार्सियाल म्हणाला. तो जरा अवघडला होता. "हाड जुळेपर्यंत त्याला काम करता यायचं नाही. तेवढे दिवस घरी आलो तर चालेल का, असं विचारलंय. म्हणाला, मोटार आणणार नाही, रेल्वेने येईन. पण बाबांना विचार."

"काय विचार?" ओक्ताव म्हणाला. "आपल्याच घरी यायचं, आणि विचार?"

मार्सियालने ओक्तावच्या हातातल्या पुरचुंडीकडे बोट दाखवलं. "हे त्याचं आहे. तुम्हीच नेऊन द्या त्याला."

"खा तू. कधी जेवलायस?"

"पहाटे. चाकाखाली पडल्या पडल्या."

"मग खा."

तो उभ्या उभ्या खायला लागला. अंडं त्याने सोललं ते काळ्या बोटांनी, आणि पांढऱ्यावर बोटांचे ठसे उमटले तरी तसंच तोंडात टाकलं. ओक्ताव बघत राहिला. हा पोरगा त्या खिडकीखाली उठून उभा का राहिला असेल, कुणी सांगितलं होतं त्याला? बाझीलला गल्लीचं काही माहीत नव्हतं, ते तर ओक्तावच्या एकट्याच्या डोक्यात शिजलं होतं.

"तिथे गल्लीत," तो म्हणाला, "तू टोपी काढलीस."

"तुम्ही डावीकडे वळलात तेव्हाच माझ्या लक्षात आलं, काका. मालकांना म्हटलं, ओरडू नका, इथे कुणाचं तरी घर असेल." मार्सियालने तोंड पुसलं. "मग खिडकी उघडली. त्या इतक्या... मी काय करणार होतो? बसून राहिलो असतो तर?" तो थांबला. "त्यांना कळलं तर वाईट वाटेल. मी आगाऊपणा केला असला तर माफ करा."

घड्याळवाला हाक मारत होता. दाढीवाला गाडीत चढला. मार्सियालने चष्मा खाली ओढला, हँडल फिरवलं, इंजिनाने दोनदा खोकून तिसऱ्यांदा सूर धरला. झेंडा पडला आणि ती गाडी पुलावरून अशी गेली की ओक्तावच्या मिशा धुळीने आणखी पांढऱ्या झाल्या.

परतताना तो सायकल हातात धरून चालला. गल्लीत शिरला तरी काय सांगायचं ते ठरत नव्हतं. खोटं बोलणं त्याच्या हाडात नव्हतं, पण ती हसली होती. इतकं हसली होती. आजचा दिवस तिचा तसाच राहू द्यावा, उद्या बाझीलला आणलं की आपोआप कळेल, असं त्याने पायरीवर उभं राहून ठरवलं. मग चेहरा नीट केला आणि जिना चढला.

ओनोरीन उशीला टेकून बसली होती. लेस सुटली होती. तिने त्याला बोलूच दिलं नाही.

"माझा बाझील कुठाय?" ती म्हणाली.

ओक्ताव दारातच थांबला.

"कुठाय तो, ओक्ताव? जिवंत आहे का, एवढंच आधी सांग."

"आहे, आहे," तो म्हणाला, आणि ठरवलेलं सगळं विसरून गुडघ्यांवर पलंगाशी बसला. कुत्रा, खांदा, गिरणीजवळचं घर, डॉक्टरला घातलेल्या शिव्या, सगळं त्याने एका दमात सांगितलं. शिव्यांपाशी तिचा श्वास सुटला. तिने त्याचा हात घट्ट धरला होता, तो तेव्हा सैल झाला. मग बाझीलने काय विचारलं तेही त्याने सांगितलं. ती रडली. थोडं तोही रडला.

"शेजारच्या मेन्यारचं घोडं आणि गाडी मागतो," तो उठत म्हणाला. "अंधार पडायच्या आत पोचेन. गवताची गादी घालतो मागे, खांदा हलायला नको."

"घोंगडी घे. आणि त्याला रागावू नकोस."

"मी कशाला रागावू?"

तो दारापर्यंत गेला आणि वळला. त्याच्या मनातून ते जात नव्हतं.

"तुला कधी कळलं? तो बाझील नव्हता हे?"

"त्याने टोपी काढली तेव्हाच. बाझीलचे कान माझ्या वडिलांचे, कुठल्याही टोपीतून सुटले की पंख्यासारखे बाहेर येतात. त्या पोराचे कान कसे डोक्याला चिकटलेले." ती हाताने खिडकीचं दार ओढू लागली. "म्हटलं, माझा नाही या गाडीत, मग माझा कुठे पडलाय."

"पण तू तर हात हलवत होतीस. हसत होतीस. अगदी आम्ही वळेपर्यंत."

"मग काय करणार होते?" ओनोरीन म्हणाली. "पोरगा टोपी काढून उभा होता."